चंदी पटाशीनं उघडलेलं दार

हत्यारं आपसात बोलत असत त्या काळी एका सुताराच्या पेटीत चंदी नावाची पटाशी राहायची. एकदा लाकडातल्या खिळ्यावर आपटून तिच्या धारेचा टवका उडाला. तेव्हापासून रंधा तिला रोज चिडवायचा, "काय गं, आज रंगाचे डबे उघडणार वाटतं?" चंदी बिचारी कुढत बसायची.

शेजारच्या कटावणीनं हे हेरलं. "माझ्याबरोबर चल, पोरी. कुलूप उचकटायला धार कशाला हवी? तिथं तुला कुणी हसणार नाही." आपण कुणाला तरी हव्या आहोत, एवढ्यावरच चंदी भुलली आणि कटावणीबरोबर एका चोराच्या पिशवीत जाऊन बसली. पहिल्याच दाराशी कुलपाआधी तिचंच टोक खणकन तुटलं आणि त्या आवाजानं चोर सापडला. कटावणी मात्र सटकली. चंदीच्या गळ्यात मुद्देमाल म्हणून पोलिसांची चिठ्ठी पडली आणि खटला संपल्यावर तिची रवानगी तुरुंगातल्या सुतारखान्यात झाली.

तिथल्या धारेच्या दगडाला सगळे आजोबा म्हणत. चंदी खालमानेनं म्हणाली, "आजोबा, मी दार फोडायला गेले होते."

"बरंच झालं की! दार कुठं कच्चं असतं ते तुला कळलंय. आता पक्कं करायला शीक. पण घासताना ओरडायचं नाही हं!"

चंदी ओरडली, बोटभर झिजली, पण लखलखली. महिन्याभरात तिनं शाळेच्या एका कपाटाला बिजागरीची खाच इतकी नेमकी पाडली, की ते न्यायला आलेल्या बाईंनी नुसतं बोट लावलं आणि दार अलगद उघडलं.

"आजोबा, बघा, बघा!" चंदी हसत सुटली. "मी दार उघडलं, आणि काहीच तुटलं नाही!"