तानाई बसली

आंबेढोणात गॅसची टाकी यायच्या कितीतरी पिढ्या आधीची ही गोष्ट. तेव्हा गावात दिवसभर प्रत्येक घरावर धूर दिसायचा. स्वयंपाक उरको न उरको, चुलीत लाकूड हवंच. कारण चूल विझायची ती घरात कोणी गेलं तरच. विझलेली चूल म्हणजे सुतक.

त्या धुरापायी डोंगर बोडका झाला. झाडं माणसांना कंटाळून दरवर्षी एकेक टेकडी मागे सरकली, असं म्हणतात. आणि बायका मोळ्यांसाठी त्यांच्यामागे चालत राहिल्या.

तानाई त्यांतलीच. ओझी वाहून वाहून तिची मान आखडली होती. एका सकाळी ती जागी झाली, पण गुडघे काही उठेनात. कोपऱ्यात जेमतेम एका स्वयंपाकापुरती लाकडं होती. दिवस भरत आलेली सून गौरा चुंबळ घेऊन दारात उभी राहिली.

"मी जाऊन येते, आत्या."

"अशा पोटानं? सखू त्या वाटेवरच बाळंत झाली नि वाटेवरच गेली. विसरलीस?"

"मग चुलीत काय घालू?"

तानाईने सरपटत चुलीशी जाऊन होती त्या लाकडांवर भात चढवला. ती फार थकली होती. भाताला चार उकळ्या आल्या तसं तिने जळतं लाकूड ओढून राखेत खुपसलं. गौराने तोंडावर हात ठेवला. तानाईने डालग्यात तूस भरलं, आंब्याची अढी घालतात तसं झाकलेलं मडकं त्यात दडपलं, वर वाकळ टाकली आणि भिंतीला पाठ लावून बसली.

धूर दिसेना म्हणून शेजारची भागा धावत आली. मागोमाग आळी आली. पुरुषांनी तर बांबूही तोडून आणले.

"कोण गेलं गं, तानाई?"

"कोणी नाही. मी बसलेय."

"बसलीस? दिवसाढवळ्या?"

"तुम्हीही टेका. आणि ते बांबू कुडाला लावा, मोडलाय तो."

"पोटुशीला कच्चं घालणार ही बया!" भागा डालग्यातल्या मडक्याकडे बघत फणकारली.

तानाईने वाकळ उचलली. भात मोकळा फुलला होता.

"शिजवला कोणी?"

"त्याच्याच आधणानं."

जमलेले सगळे जेवले तरी मडकं सरेना, असं म्हणतात. वाचलेलं लाकूड पुढच्या स्वयंपाकांना पुरलं आणि गौरा आपल्या घरात, सुखरूप बाळंत झाली.

गाव मात्र सहज ऐकेना. तानाई लंगडत दारोदार सांगत राहिली: झाकण घाल, डाळ आदल्या रात्री भिजव, आधण आलं की लाकूड ओढ. सांगून सांगून तिचा आवाज गेला. ती गेली त्या वर्षी झाडं एक टेकडी खाली उतरली, असं म्हणतात.

आज आंबेढोणात गॅस आहे. तरी चार उकळ्या आल्या की तो बंद होतो, पातेलं तुसात जातं आणि रांधणारं माणूस भिंतीशी टेकतं. भात होईपर्यंत त्याला उठवायचं नाही. एखाद्या पाहुण्याने पाणी मागितलंच, तर घरातलं शेंबडं पोरही सांगतं, "माठ तिकडं आहे. तानाई बसलीय."