माळावर गेलेली हरिणी

सागाच्या एका जंगलात, ओढ्याच्या काठाने चरणाऱ्या कळपात, ठिपक्यांची एक हरिणी राहत असे. मुलांनो, हरणांची आणि वानरांची मैत्री फार जुनी आहे. झाडावर बसलेली वानरे पाला खातात थोडा आणि खाली टाकतात फार. तो हरणांना आयता मिळतो. वानरांना उंचावरून लांबचे दिसते. बिबट्या नजरेस पडला की ती ‘खक्! खक्!’ असे ओरडतात आणि खालचा कळप वाऱ्यासारखा पळतो. हरिणीनेही आपल्या पहिल्या पाडसाला हेच शिकवले होते.

एका उन्हाळ्यात ओढ्याकाठचा उंबर पिकून लाल झाला. वर वानरांची झुंबड उडाली होती आणि पाडस खाली पडलेली उंबरे वेचत होते. वारा उलटा वाहत होता, म्हणून हरिणीला वास आला नाही. वरून हाकही आली नाही. गवतातून बिबट्याने झेप घेतली, आणि पाडस गेले.

कळपातल्या साऱ्या जणी चार दिवस हरिणीजवळ बसून राहिल्या. पाचव्या दिवशी ती कुणाला न सांगता ओढा ओलांडून पलीकडच्या खडकाळ माळावर निघून गेली. तिथे बोरीची काटेरी झुडपे होती आणि वाळलेले गवत होते. कळपातली थोरली हरिणी तिला न्यायला आली. म्हणाली, “चल बाई, इथं चारा तरी कुठं आहे?”

“चारा नसला तरी चालेल,” हरिणी म्हणाली. “इथं कुणावर विसंबावं लागत नाही.”

ती उभ्या उभ्याच झोपे. भर दुपारी, सारे सावलीला असताना, पाणी पिऊन येई. ओढ्यावर कुणी भेटलेच तर मान फिरवून निघून जाई. तिची हाडे दिसू लागली. पण बिबट्या माळावर आला नाही, म्हणून तिला वाटे, आपले बरोबर आहे.

पुढच्या वर्षी तिला दुसरे पाडस झाले. तिने ते बोरीच्या जाळीत लपवले आणि बजावले, “कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. कुणी दिसलं तर बाहेर यायचं नाही.” पाडस गुणी होते. ते जाळीत बसून राही. इतर पाडसे ज्या वयात उड्या मारतात, त्या वयात हे पाचोळा वाजला तरी अंग चोरून घेई. एके दिवशी त्याने विचारले, “आई, आपण कुणाला घाबरतो?”

“सगळ्यांना,” हरिणी म्हणाली.

“सगळे म्हणजे कसे दिसतात?”

पाडसाने जन्मापासून तिच्याशिवाय कुणालाच पाहिले नव्हते.

त्याच सुमारास माळाच्या कडेच्या पळसावर एक म्हातारी वानरी येऊन बसू लागली. पहिल्या दिवशी हरिणीने जोरात खूर आपटला आणि ती ओरडली, “जा इथून!” वानरी मुकाट्याने निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. थोडा वेळ बसली, कोवळा पाला खाली टाकला आणि गेली. असे बरेच दिवस चालले. पाला तिथेच पडून वाळून जाई. पाडस त्याच्याकडे बघत राही आणि हरिणी म्हणे, “तोंड लावू नकोस.”

शेवटी एक दिवस हरिणीने विचारले, “तुला हवंय तरी काय?”

वानरी थोडी खाली उतरली. “त्या दिवशी उंबरावर राखणीला मी होते,” ती म्हणाली. “खाली लक्ष ठेवायचं काम माझं होतं. उंबरं गोड होती. मी खात बसले. पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. हे तुला सांगायला यायला मला वर्ष लागलं.”

वर्षभर हरिणी कुणाशी धड चार शब्द बोलली नव्हती. आता तिचे तोंड थांबेना. “माझं बाळ तुझ्या हाकेची वाट बघत होतं! मीच त्याला शिकवलं होतं, की वानर ओरडलं की पळायचं. तू ओरडली नाहीस, म्हणून ते पळालं नाही. ते वेडं नव्हतं. ते माझं ऐकणारं होतं!” तिने पळसाच्या बुंध्यावर धडका दिल्या. मग ती तिथेच मटकन बसली.

वानरीने स्वतःची बाजू मांडली नाही. “हो,” एवढेच ती म्हणाली. आणि अंधार पडेपर्यंत फांदीवर बसून राहिली.

हरिणीला वाटले, आता ही पुन्हा यायची नाही. पण सकाळी वानरी आली. “काल काही बोलायचं राहिलं असेल, तर आज बोल,” ती म्हणाली.

हरिणी हळूहळू बोलू लागली. ते पाडस ओढ्यातल्या गुळगुळीत दगडांवर नेहमी घसरत असे. त्याच्या डाव्या कानाचे टोक पांढरे होते. मोहाची फुले खाऊन ते एकदा भर सकाळी झोपी गेले होते. हे सांगताना तिला रडू आले आणि मधेच हसूही आले. जाळीतून दुसऱ्या पाडसाने डोके बाहेर काढले. “आई, मला दादा होता?” त्याने विचारले. त्या दिवशी त्याला आपल्या दादाची सारी हकिगत कळली.

त्यानंतर हरिणी पळसाखाली येऊ लागली. पहिल्यांदा पाला तोंडात घेताना ती वानरीला म्हणाली, “हे बघ, मी तुला माफ केलेलं नाही. आणि निर्धास्त होऊन मी तुझ्याकडं पाठ करणार नाही.”

“नको करूस,” वानरी म्हणाली. “मी उद्या येईन.” आणि ती रोज येत राहिली. उन्हाचे दिवस गेले, पावसाळाही सरला. पाडसाच्या अंगावर मांस चढले.

एका दुपारी ती दोघे पळसाखाली चरत असताना वरून एकदम आवाज आला, “खक्! खक्! खक्!”

हरिणीने हवा हुंगली. कसलाच वास नव्हता. पाडस तिच्या तोंडाकडे बघत होते. ‘हिचे ऐकायचे का? ज्या गळ्यातून तेव्हा हाक आली नाही, त्याच गळ्याचे आज खरे मानायचे?’ पण विचार करायला वेळ नव्हता. “पळ!” ती ओरडली, आणि दोघेही माळ उतरून धूम पळाले. ओढ्यापाशी पोचल्यावरच थांबले.

थोड्या वेळाने वानरी झाडांवरून उड्या मारत आली. तिची मान खाली होती. “रानडुक्कर होतं,” ती म्हणाली. “गवत हललं आणि मला बिबट्याच वाटला. उगाच पळवलं तुम्हाला. आता तू माझ्यावर कसा भरवसा ठेवशील?”

हरिणीला धाप लागली होती. “शंभर वेळा चुकीचं ओरड,” ती म्हणाली. “फक्त गप्प बसू नकोस.”

ओढ्याच्या पलीकडे कळप चरत होता. पळण्याची मौज वाटून पाडस उड्या मारत पाण्यात शिरले होते, आणि पलीकडची दोन पाडसे कान टवकारून त्याच्याकडे बघत होती. त्याने वळून आईकडे पाहिले. या वेळी हरिणीने त्याला मागे बोलावले नाही. ती स्वतः पाण्यात उतरली आणि एकेक पाऊल टाकत त्याच्या मागोमाग गेली.

थोरली हरिणी पुढे आली. ‘इतके दिवस का आली नाहीस,’ असे तिने विचारले नाही.

“मला अजून सगळ्यांच्या मध्ये बसता येणार नाही,” हरिणी म्हणाली. “मी कडेलाच उभी राहीन. एखाद्या दिवशी माळावर परतही जाईन.”

“जा हवं तेव्हा, ये हवं तेव्हा,” थोरली म्हणाली. “आणि कडेला उभी राहा की. लक्ष ठेवायला कडेला कुणीतरी लागतंच.”

तात्पर्य : घाव सोसलेले मन सावध होते, त्यात त्याचा दोष नाही, पण दुःख बोलून दाखवावे आणि विश्वास पारखून, थोडा थोडा टाकावा, म्हणजे भीती असूनही चारचौघांत पुन्हा जगता येते.