प्रधानजींचं चिन्ह

एका फ्रेंच राजाच्या गालिच्यांच्या कारखान्यात ओदेत मुख्य विणकरीण होती. तिच्या जिभेला कात्रीपेक्षा जास्त धार. एकदा प्रधान तणतणत आला. दरबारासाठी विणायच्या नव्या गालिच्याच्या आराखड्यात त्याच्या घराण्याचं चिन्ह एका कोपऱ्यात होतं.

"माझं चिन्ह सिंहासनासमोर, मधोमध हवं. चांगलं परातीएवढं! नाहीतर कारखान्याला टाळं ठोकीन."

सगळ्या विणकरांचे हात जागच्या जागी थांबले. ओदेत मात्र हसली.

"जशी आज्ञा, प्रधानजी. राजेसाहेब सिंहासनावरून उतरले की पहिलं पाऊल तुमच्या घराण्यावरच ठेवतील. मागोमाग अख्खा दरबार."

प्रधानाचा चेहरा पडला. मग त्याने हळूच विचारलं, "काय गं, सिंहासनाखाली तर कुणाचा पाय पोहोचत नाही. तिथे जागा आहे का?"

"नाही हो. तिथे राजेसाहेबांनी आधीच स्वतःचं चिन्ह विणायला सांगितलंय."