कोंडाईची गोड दांडी

फार वर्षांपूर्वी, विहिरींवर मोटा करकरायच्या तेव्हाची ही गोष्ट. कुसळेवाडीत कोंडाई नावाची एक विधवा एकटीच शेत कसायची. तिच्या बांधाला लागून शेत होतं हैबतीचं. हा हैबती गावातला सगळ्यात संशयी माणूस. त्याला स्वतःच्या सावलीचाही भरवसा नव्हता, असं म्हणतात.

त्या वर्षी साऱ्या गावाची चवळी अळीनं पोखरली. कोंडाईची तेवढी शेंगांनी लगडलेली. मुंगळे चढले की वेल गेला, असं गाव मानायचं, म्हणून जो तो बुडाशी राख टाकायचा. हिच्या वेलांवर मात्र मुंगळ्यांची रीघ, आणि राखेची चिमूटसुद्धा नाही. हैबतीचं डोकं फिरलं. ही गुळाचं पाणी शिंपून मुंगळे पाळते आणि आपली अळी आमच्या रानात धाडते, असं तो घरोघर सांगत सुटला. चेटकीण हा शब्द आधी कोण बोललं कोण जाणे, पण ऐकला सगळ्यांनी. पंचांनी ठरवलं, कोंडाईनं शेत आणि गाव सोडावं.

सकाळी सगळे तिच्या बांधावर जमले. हैबतीनं गुळाच्या मडक्यासाठी तिचं खोपट पालथं घातलं. मडकं सापडेना, तेव्हा तो म्हणाला, म्हणजे लपवलंय.

कोंडाई रडली नाही की भांडली नाही. तिनं फुलांची दांडी खुडून त्याच्यापुढे धरली.

“भावजी, चाटून बघा.”

विष असणार, हैबतीला वाटलं. मग तिनं आधी स्वतः चाटली आणि दुसरी त्याला दिली. दोन फुलांच्या मधे बारीक गाठ होती, गाठीवर एक थेंब. त्यानं भीत भीत जीभ लावली. गोड होता.

“गूळ म्या न्हाई घालत. येलच मुंगळ्यास्नी ह्यो गोड थेंब वाढतो, आन् ते अळी मारत्यात. तुमी राख टाकून राखणदारच हाकलले.”

तेवढ्यात चार मुंगळ्यांनी शेंगेवरची अळी ओढून खाली पाडली. सगळ्यांनी पाहिलं. हैबतीला फार लाज वाटली. घरी न जाता तो तसाच आपल्या शेतात गेला आणि ओंजळीनं राख उचलू लागला. तेव्हा कोंडाईच्या बांधावरून मुंगळ्यांची काळी रांग निघाली आणि दिवस मावळायच्या आत सात शेतांत पसरली, असं म्हणतात.

कोंडाई त्याच गावात म्हातारी होऊन गेली. आजही कुसळेवाडीत चवळीला राख पडत नाही. चवळी फुलली की वर्षभरात ज्याच्यावर उगीच संशय घेतला, त्याच्या दारी एक दांडी नेऊन द्यायची रीत आहे. हैबतीच्या घराण्याची दांडी सगळ्यात आधी निघते. आणि चावडीवर कुणी कुणाबद्दल कुजबुजू लागला, की एखादी म्हातारी सहज विचारते, “दांडी चाटलीस का, बाबा?”