राणीचे विरजण

एका राज्यात दूध विरजत नसे. गाई होत्या, चारा होता, कासंड्या भरभरून धार निघे. पण संध्याकाळी लावलेले दूध सकाळी दूधच राही, नाहीतर नासून जाई. दही नाही म्हणून ताक नाही, ताक नाही म्हणून लोणी नाही, आणि देवापुढच्या निरांजनात घालायला तूप नाही. असे का झाले, ते ऐका.

त्या राज्याचा राजा मणिध्वज आणि त्याची राणी वेणुमती. लग्न होऊन आली तेव्हा राणीने माहेराहून हत्ती आणले नाहीत, घोडे आणले नाहीत. आणले एक मातीचे बुडकुले आणि त्यात आजीच्या आजीपासून चालत आलेले विरजण. दासी तोंडाला पदर लावून हसल्या. पण राणी रोज दिवेलागणीला स्वतःच्या हाताने दूध विरजी, आणि सकाळी महालाच्या मागल्या दारी जो येईल त्याला वाटीभर विरजण देई. होता होता साऱ्या राज्यातल्या दह्याचे मूळ ते एक बुडकुले झाले. घरोघर बरकत आली. राजा म्हणे, "ही माझ्या पराक्रमाची फळे." राणी दुधात बोट बुडवून ते कोमट झाले का ते बघे. राजाचा तिच्यावर फार जीव होता, एवढे मात्र खरे.

एके सायंकाळी दूध विरजायला बसली असता राणीला भोवळ आली, आणि तुळशीपुढे दिवा लागायच्या आत ती गेली.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड मांडला. समोर पिंपळावर कावळा बसला होता, पण शिवेना. रीत अशी की, गेलेल्याचे मन कशात अडकले ते आप्तांनी ओळखावे आणि हात जोडून वचन द्यावे. वचन बरोबर असले की कावळा खाली झेपावतो. राजा पुढे झाला.

"तुझ्या नावे संगमरवरी मंदिर बांधीन."

कावळा हलला नाही.

"दुसरी राणी करणार नाही. तुझी सोन्याची मूर्ती सिंहासनाशेजारी बसवीन."

कावळ्याने चोचीने पंख साफ केले. राजाची सात वर्षांची मुलगी मृणाला त्याचा शेला ओढून काही सांगू पाहत होती. "पोरांनी इथे बोलू नये," म्हणून बायकांनी तिला मागे घेतले. उपाध्याय म्हणाले, "महाराज, दर्भाचा कावळा करून शिववू."

"माझी राणी गवताच्या कावळ्याने जाणार नाही," राजा म्हणाला. खरे सांगायचे तर त्याला मनातून बरेच वाटले होते. कावळा शिवला नाही, म्हणजे ती अजून गेली नाही.

अशा वेळी मांत्रिक बोलावण्याआधीच येतात. कालकेतू नावाचा मांत्रिक दरबारात उभा राहिला. "राणीचे जे जे आहे ते एका दालनात ठेव. शालू, दागिने, फणी, भांडीकुंडी. त्यातली काडीही बाहेर जाऊ देऊ नकोस. ती रोज दिवेलागणीला तिथे येईल."

"मोल काय?"

"या घरातले काही जागच्या जागी थांबेल."

"थांबू दे," राजा म्हणाला. सारे थांबावे, हेच तर त्याला हवे होते.

दालनाला कुलूप लागले. दिवेलागणीला राणी खरोखरच येऊन बसू लागली. अंगाला मोगऱ्याचा वास, हातात किणकिणती कंकणे, पण तोंडातून शब्द नाही. राजा तिच्याशी बोले, ती कोपऱ्याकडे बघत राही. खजिनदाराने एकदा मोह होऊन मोत्यांच्या पेटीला हात लावला, तर त्याचा हात कोपरापर्यंत लाकडाचा झाला. तेव्हापासून त्या धनाच्या वाटेला कोणी गेले नाही. राज्यातले दूध विरजेनासे झाले ते दालनाला कुलूप लागले त्याच दिवसापासून.

आणि मृणाला वाढेना. पुढचा एक दात हलत होता, तो हलतच राहिला. एक तप लोटले. तिच्या सागरगोट्यांच्या मैत्रिणी लेकरे कडेवर घेऊन महालात आल्या, आणि ही अजून परकर सावरीत अंगणात उभी. तिने विचारले, "बाबा, मी मोठी कधी होणार?" राजाने मान खाली घातली. पुढे पुढे तिचा श्वासही अडखळू लागला. एक यायचा, आणि दुसऱ्याची वाट पाहावी लागायची.

तेव्हा राजा एकटा नदीकाठी गेला. पिंड होता तसाच ताजा होता. कावळाही होता, फार थकलेला.

"राजा, मला भूक लागली आहे," कावळा म्हणाला.

"मग शिव. माझी मुलगी वाचव."

"वचने दिलीस ती तुझ्या हौसेची. तिचे काय राहिले, ते विचारलेस कोणाला?"

"तू सांग."

"सांगणे माझे काम नव्हे, शिवणे माझे काम. दालनातल्या तीन वस्तू तुझ्या हाताने बाहेर दे. तू दिलेस तर हात लाकडाचा व्हायचा नाही. शालू दे, जी नेसेल तिला. कंकणे दे, राबत्या हातांना. तिसरी वस्तू तू ओळख. चुकलास तर मुलगी जाईल. बरोबर ओळखलीस तर राणी जाईल."

"मधला मार्ग नाही?"

"मधल्या मार्गावर तर तू इतकी वर्षे उभा आहेस."

राजाने शालू नावाड्याच्या मुलीला दिला. तिचे त्याच दिवशी लग्न होते. सायंकाळी राणी आली, पण मोगऱ्याचा वास आला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने कंकणे गावच्या सुइणीच्या हातात भरली. सायंकाळी राणी आली, पण किणकिण ऐकू आली नाही. राजा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला. शत्रूने दोन किल्ले घेतले तेव्हाही तो असा रडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी त्याने मृणालाला उचलून दालनात आणले, कारण तिला आता चालवत नव्हते. एकेक पेटी तो उघडी आणि मिटी. मोती असतील? आरसा असेल? वीणा असेल? मुलीने हळूच कोपऱ्याकडे बोट केले. तिथे धुळीत ते बुडकुले होते.

"मी तेव्हाच सांगत होते, बाबा. आईचे दूध विरजायचे राहिले होते."

बुडकुल्याच्या तळाशी वाळलेल्या दह्याची खरपुडी तेवढी उरली होती. राजाने दूध मागवले, दालनातच चूल मांडायला लावली. कधी चुलीपुढे न बसलेला तो राजा, चुलीपुढे बसला. मुलीने सांगावे आणि त्याने करावे. दूध तापवले, निववले, त्यात खरपुडी कुस्करली. तोवर दिवेलागण झाली. राणी आली. एका तपानंतर पहिल्यांदा तिने तोंड उघडले.

"दूध कोमट आहे ना?"

राजाला हजार गोष्टी बोलायच्या होत्या. त्याने दुधात बोट बुडवले आणि म्हणाला, "कोमट आहे."

"मग झाका."

त्याने झाकण ठेवले. वर पाहिले तर दालनात तो होता आणि त्याची मुलगी होती.

सकाळी बुडकुल्यात कवडीसारखे दही लागले होते. राजाने दहीभाताचा घास कालवून पिंडाशेजारी ठेवला आणि हात जोडले. कोणतेही वचन दिले नाही. कावळा झेपावला, शिवला, पोटभर जेवला आणि उडून गेला.

खजिनदाराचा हात पुन्हा हाडामांसाचा झाला. कालकेतूचे नाव कोणाला आठवेना. मृणालाने लांब, पुरता श्वास घेतला आणि ती खोकली. हातात पाहते तो तिचा दात. ती धावत बापाकडे गेली. राजा मागल्या दारी उभा होता, आणि रांगेतल्या पहिल्या बाईच्या वाटीत विरजण घालत होता.

राणीचे विरजण लागले, कावळा तृप्त झाला, कहाणी इथे निवली. तुमच्या घरी दूध विरजो, लेकरे वाढोत, आणि गेलेल्यांना वाट मोकळी होवो.