टिटवी पंच होती तेव्हा

काल फुटबॉलच्या सामन्यात माझा निषाद कुणाचा धक्का न लागताच पडला, पाय धरून कळवळला आणि त्याला पेनल्टी मिळाली. सात वर्षांच्या पोराला हे सुचलं कसं, या काळजीने मला झोप लागली नाही. रागावून उपयोग नव्हता, म्हणून सकाळी त्याच्या बुटांची नाडी बांधताना मी एक गोष्ट रचली. जमली की नाही, देव जाणे.

फार पूर्वी नदीकाठच्या माळावर प्राणी फुटबॉल खेळत. कुणी पडलं, तर पाडणाराच त्याला हात देऊन उठवायचा, अंगावरची माती झटकायचा आणि खेळ पुढे चालायचा. पंच होती टिटवी. अख्ख्या सामन्यात ती एकदा ओरडली तरी पुष्कळ.

मग ससा नुसता वारा लागला तरी कोसळू लागला. त्याचं विव्हळणं ऐकून टिटवीला कळवळा यायचा आणि ती पेनल्टी द्यायची. बघता बघता सगळेच पडू लागले. हात द्यायला कुणी पुढे येईना. जो हात देईल, त्यानेच पाडलं असं ठरायचं!

एकदा ससा मुंगसासमोर कोसळला. “मुंगसाला कायमचं बाहेर काढा!” सशाचे सोबती ओरडले.

मुंगूस रडवेलं झालं. “टिटवीताई, मी शिवलोसुद्धा नाही हो!”

टिटवी सशाजवळ गेली. “कोल्हा आला की पिल्लांना वाचवायला मीही पंख मोडल्याचं सोंग करते. तुला कुणाला वाचवायचं होतं रे?”

ससा स्वतःच माती झटकत उठला आणि मुंगूस खेळात राहिलं.

मी थांबले. निषादने बांधलेली नाडी ओढून पाहिली.

“आई, टिटवीला सोंग ओळखता येत होतं ना? मग इतके दिवस ती पेनल्टी का देत होती?”