भुसा म्हणजे नाही

व्याकरणाची गोष्ट माझ्याइतकी झकास कोणी सांगणार नाही. ज्यांना व्याकरण येतं ते गोष्टी सांगत बसत नाहीत, आणि मला ते येत नाही म्हणून मी रिकामा आहे, एवढंच त्याचं कारण. तेव्हा सुट्टीत आपापली गुप्त भाषा बनवणाऱ्या पोरापोरींनी, आणि केस पिकले तरी तोच उद्योग करणाऱ्या त्यांच्या काकालोकांनी, जरा पुढे सरकून बसावं. गोष्ट तुमचीच आहे.

एका कड्याच्या टोकावर एक गाव होतं. गाव मधावर जगे. कड्याच्या अंगाला आग्या माशांची मोहोळं लोंबत. एकाने कमरेला दोर बांधून खाली उतरायचं, बाकीच्यांनी वर दोर धरायचा. खालचा ओरडे, "सोड," की वरचे आणखी दोर सोडत. तो ओरडे, "सोडू नको," की थांबत.

अडचण वाऱ्याची होती. वाक्याचं शेपूट तो हटकून पळवी. एकदा राऊ नावाचा गडी मोहोळाच्या बरोबर डोक्यावर लटकून "सोडू नको" म्हणाला. वर पोचलं नुसतं "सोडू". वरच्यांनी सोडला. तरणाताठा होता म्हणून राऊ वाचला, पण तोंड असं सुजलं की बायकोने त्याला आवाजावरून ओळखलं.

गावात धुंडोपंत नावाचे एक विद्वान होते. विद्वान म्हणजे ज्यांना दोर धरायला कोणी बोलवत नसे. ते म्हणाले, "दोष वाऱ्याचा नाही, तुमच्या भाषेचा आहे. एवढा मोलाचा नकार, आणि तो शेवटी टांगून ठेवता? मी तुम्हांला नवी भाषा करून देतो. शब्द तुमचे, व्याकरण माझं."

आणि केली. तिचं नाव ठेवलं सरळी. सरळीत नकार एकच, "नि", आणि तो क्रियापदाच्या आधी. "नि सोड" म्हणजे सोडू नको. "नि खा" म्हणजे खाऊ नको. लहानमोठ्यांना एकच रूप, अहो-जाहो नाही. सुनांना हा नियम फार आवडला. सासवांनी पंतांच्या घरी जाणारा मध बंद केला.

पण भाषा चालली. आधी कड्यावर, मग चेष्टेचेष्टेत घरातही. लोक "नि" असा ठासून म्हणत की तो पळवायची वाऱ्याची छाती होत नसे. कोणी मोहोळावर पडेना. पंत खूश झाले आणि आपली भाषा राजाला दाखवायला राजधानीला गेले. राजा म्हणाला, "बघतो." राजा बघतो म्हणाला की माणूस तिथेच बसून म्हातारा होतो. पंतही झाले.

म्हातारे होऊन ते गावी परतले तेव्हा कड्यावर काम चाललं होतं. दोर धरणाऱ्यांची मुकादम होती भिवराबाई. पंत गाव सोडून गेले तेव्हा ती परकरात होती. पंत आपली भाषा ऐकायला कौतुकाने उभे राहिले. खालून हाक आली, "सोड भुसा." आणि दोर थांबला.

पंत म्हणाले, "भिवरे, हे काय ऐकतोय मी? तो 'सोड' म्हणाला आणि तुम्ही थांबलात?"

"'सोड भुसा' म्हणाला, पंत. म्हणजे सोडू नको."

"आणि माझा 'नि' कुठे गेला?"

"झिजला. मुळातच अशक्त होता तो."

घडलं होतं ते असं. "नि" पडला एवढासा. रोज रोज तो ठासून कोण म्हणणार? तेव्हा जोर यावा म्हणून लोक मागे भुसा लावू लागले. "नि सोड भुसा", म्हणजे भुशाइतकंही सोडू नको. भुसा दणदणीत, तो वाऱ्याला पेलवेना. सगळ्यांचे कान भुशाकडे लागले, आणि "नि" म्हणायचा कंटाळा येऊ लागला. शेवटी उरलं "सोड भुसा". हसू नका. आपणही म्हणतोच, "त्याला डोंबल कळतंय." त्यात नाही कुठे आहे? आणि डोंबल म्हणजे नक्की काय, ते तुमच्या मास्तरांना विचारा. मास्तरांना डोंबल माहीत असेल.

पंतांनी आपल्या मते बिनतोड प्रश्न टाकला. "आणि खरोखरचा भुसा खाली सोडायचा असला, तर काय म्हणता?"

"त्याला आता आम्ही कोंडा म्हणतो," भिवराबाई म्हणाली.

पंतांचं डोकं सटकलं. "ही सरळी नव्हे, सरळीची विटंबना आहे. बांधा माझ्या कमरेला दोर. शुद्ध बोलून मध कसा काढतात ते दाखवतो."

"पंत, वय बघा जरा."

"भाषेला वय नसतं."

"गुडघ्यांना असतं," ती म्हणाली. पण म्हातारा ऐकेना. तेव्हा तिने त्यातल्या त्यात नवा दोर काढला आणि गाठ स्वतः मारली.

पंत उतरले. सुरुवात झकास झाली. ते "सोड" म्हणत, दोर सुटे. आपली भाषा अजून चालते हे बघून त्यांच्या मिशांना पीळ चढला. मग पायाखाली मोहोळ आलं. परातीएवढं, काळंभोर, आणि अंगावर काटा यावा तसं सळसळणारं. पंतांनी तोंड वर केलं आणि निर्दोष सरळीत हाक दिली, "नि सोड."

"नि" वाऱ्याने खाल्ला. वर पोचलं "सोड". वरच्यांनी सोडला.

पंत आणखी जोरात म्हणाले, "नि सोड." पण घाबरलेल्या माणसाचा सगळा जोर "सोड"वरच पडतो. दोर आणखी सुटला. जितकं शुद्ध ओरडावं, तितकं खाली जावं.

वर एक जण म्हणाला, "म्हाताऱ्याला मधाची घाई झालेली दिसते." भिवराबाईला मात्र तो आवाज मध मागणाऱ्याचा वाटेना. ती कड्यावरून वाकली आणि ओरडली, "पंत, नीट सांगा. सोड, की सोड भुसा?"

प्रश्न खाली स्वच्छ पोचला. उत्तरही पंतांना ठाऊक होतं. एकच शब्द तर म्हणायचा होता. पण तो म्हणायचा म्हणजे जन्मभराची मेहनत आपल्याच तोंडाने मोडीत काढायची. शुद्ध बोलून मरावं, की अशुद्ध बोलून जगावं? दुसऱ्या कोणी तत्काळ ठरवलं असतं. पंत विद्वान होते, म्हणून त्यांनी यावर विचार सुरू केला. वरच्यांना शेवटी ऐकू आलं होतं ते "सोड", त्यामुळे विचार चालू असताना दोरही चालूच होता. एक माशी वर आली, पंतांच्या नाकावर बसली आणि शेंड्यापर्यंत चालत गेली.

"भुसा," पंत ओरडले. "सोड भुसा. भुसा, भुसा, भुसा."

दोर जागीच थांबला. पंतांच्या अंगठ्यात आणि मोहोळात वीतभर वारा उरला होता. वरून भिवराबाईचा आवाज आला, "ओढा रे. हळू ओढा, हिसका देऊ नका." नाकावरची माशी आपली आपण उडाली. चावलीसुद्धा नाही. तिलाही बहुतेक कळलं की या म्हाताऱ्याला व्हायचा तेवढा त्रास झालेला आहे.

वर आल्यावर पंत खडकावर आडवे पडले. दोर धरणाऱ्यांनी आपले तळवे फुंकले आणि सगळे एकदम सैलावले. भिवराबाईने पंतांना पाणी पाजलं. गार पाणी घशाखाली उतरलं तेव्हा कुठे पंतांना आपण जिवंत असल्याचं पटलं. थोड्या वेळाने त्यांना कंठ फुटला, तोही व्याकरणाचाच.

"भिवरे, 'खा भुसा' म्हणजे?"

"खाऊ नको."

"आणि 'बोल भुसा'?"

"बोलू नको. तेच सांगतेय तुम्हांला, पडून राहा."

"सगळीकडे भुसाच? कुठे अपवाद नाही?"

"नाही, पंत. कोणी चुकलं तर शेंबडी पोरंसुद्धा हसतात."

पंत उठून बसले. सकाळपासून त्यांना वाटत होतं की आपल्या भाषेची मोडतोड झाली. मोडलं काहीच नव्हतं. नियम होता, चांगला पक्का होता, फक्त तो पंतांनी केलेला नव्हता. आणि नकार तर चालत चालत वाक्याच्या शेवटी, आपल्या जुन्या घरी येऊन बसला होता. या खेपेला मात्र वाऱ्याला पुरून उरेल एवढा धट्टाकट्टा होऊन. पंतांना इतकं हलकं वाटलं की ते खुदकन हसले.

"तुला म्हणून सांगतो," ते हळूच म्हणाले, "माझ्या सरळीत काही अपवाद राहून गेले होते. मी कोणाला बोललो नव्हतो."

मग पुन्हा विद्वानासारखा चेहरा करून, ओल्या मिशा पुसत, त्यांनी बसल्या जागी सांगून टाकलं:

तात्पर्य: नवी भाषा करणाऱ्याने नियम हवे तितके करावेत, पण ती लोकांच्या तोंडी गेली की झिजणार, वळणार आणि आपले नवे नियम आपणच घडवणार, हे धरून चालावं; जो ते ऐकून घेतो तो तरतो, आणि जो आपल्याच शुद्धतेला चिकटून राहतो तो आपल्याच शब्दाने खाली जातो.

भिवराबाई दोर गुंडाळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "एवढं लांबलचक खालून सांगितलं असतंत, पंत, तर 'पण' येईपर्यंत तुम्ही मोहोळात असता."